नववा पोपट

लग्नाच्या आदल्या दिवशी मी एका पोपटाची मान मोडली. पोपट कापडाचा होता, पोटात कापूस होता, आणि तो माझ्या बापाचा नव्हता. नऊ पोपटांच्या तोरणातला तो शेवटचा. आठ जण शहाण्या मुलांसारखे एका दिशेला तोंड करून बसलेले आणि हा नववा मान वळवून मागं पाहणारा. मला वाटलं, करणारीचा हात चुकला. मी मॅट्रिक झालेली, भूमितीत बरे गुण मिळवलेली, नाकावर माशी बसू न देणारी नवरी... चूक दिसली की दुरुस्त करायची एवढं मला कळत होतं. आपल्याला काय येत नाही, तेवढं मात्र कळत नव्हतं. बाबांच्या दाढीचं पातं घेऊन मी मानेची शिवण उसवली, डोकं फिरवून पुढं केलं, बाहेर आलेला कापूस बोटानं आत कोंबला, आणि हिरवा दोरा सापडेना म्हणून पांढऱ्या दोऱ्यानं शिवून वरून शेवग्याचा पाला चोळला. झाला पोपट सरळ. दिसायला मात्र गालगुंड झालेल्या पोरासारखा दिसू लागला, पण मला तो तेव्हा फार रुबाबदार वाटला होता.

ही गोष्ट माझ्यापेक्षा कितीतरी रंगवून सांगणारी बाई गेल्या महिन्यात गेली. आमच्या थोरल्या जाऊबाई, बोरी अरबच्या शेवंताबाई. सकाळी पुतण्याचा, प्रकाशचा फोन आला तेव्हा मी यवतमाळला मुलाच्या घरी गॅलरीत बसून सुईत दोरा ओवायची खटपट करत होते. "काकू, आई गेली," एवढंच तो म्हणाला. मग जणू त्यालाही पटत नसल्यासारखं म्हणाला, "चहा मागितला. अर्धा पेली. अन् गेली." अर्धं काही सोडून उठणारी ही बाई नव्हती. अर्ध्यावर आलेली शिवण असली तर ती जेवायला उठायची नाही. म्हणून सांगते, त्या दिवशी दारव्ह्याच्या रस्त्यानं जाताना मी रडले ते बहुधा त्या उरलेल्या अर्ध्या चहासाठीच.

आता मूळ गोष्टीकडे येते. माझं माहेर ढाणकीचं. आमच्या काळी लग्नात रुखवत मांडायचे, म्हणजे नवरीनं स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू मांडवात सगळ्यांना दिसतील अशा लावायच्या. विणलेले रुमाल, मण्यांचे गणपती, भरतकामाच्या उश्या, आणि प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी, की ही चि. सौ. कां. अमुक हिनं तयार केली. माझ्या हाताखालून तोवर एकच वस्तू तयार झाली होती, 'सुस्वागतम'चा एक पडदा, आणि त्यातही शेवटचं अक्षर यायच्या आत कापड संपलं होतं. सगळी दुपार मी चिंचेच्या झाडावर काढायची. आईनं माझ्यापुढं हात टेकले आणि गल्लीतून वस्तू जमवायला सुरुवात केली. त्या काळी हे काही पाप नव्हतं, निम्म्या गल्लीचं रुखवत असंच या मांडवातून त्या मांडवात फिरायचं. पोपटांचं तोरण शेजारच्या लीलावहिनींचं. त्या बाळंतपणाला माहेरी, मुकुटबनला गेल्या होत्या, त्यांच्या सासूनं ट्रंकेतून काढून दिलं. "लग्न झालं की परत आणून दे," एवढ्या बोलीवर. आईनं त्यावर माझ्या नावाची चिठ्ठी टाचली, आणि मी त्याचं काय केलं ते वर सांगितलंच आहे.

लग्नाच्या दिवशी बोरीची मंडळी आली. त्यांच्या बायका रुखवताभोवती जमल्या. त्यात एक उंच, सावळी, फारसं न बोलणारी बाई होती. ती माझी होणारी थोरली जाऊ, हे मला कोणीतरी कानात सांगितलं. ती तोरणापाशी थांबली. एकेका पोपटावरून तिनं बोट फिरवलं, हळूहळू, जणू लेकरांची डोकी मोजून पाहते आहे. नवव्यापाशी बोट थांबलं. मग माझ्याकडं वळून ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "आठ तं लय सुरेख हायेत. नववा मात्र नवरीनं सोताच्या हातानं केला दिसते."

बायका हसल्या. मी लाजले. हो, लाजले! मला वाटलं, माझी तारीफ झाली. त्या लाजण्याचा फोटो अजून आमच्या अल्बममध्ये आहे. नातवंडं तो काढून पाहतात आणि हसून लोळतात.

ठरलं असं होतं की वरात निघायच्या आधी उसन्या वस्तू गुपचूप बाजूला काढायच्या. पण सासूबाईंचा जीव तोरणावर जडला. त्यांनी ते स्वतःच्या हातानं काढून स्वतःच्या पिशवीत घातलं. आईचा चेहरा पांढरा पडला, तिकडं सासूबाई माझ्या गालावरून हात फिरवत होत्या. असं ते तोरण माझ्यासोबत बोरीला आलं आणि घराच्या समोरच्या दारावर टांगलं गेलं. कापूस वेचणीचे दिवस होते, वाडीतून येणारी-जाणारी बाई दारात थांबायची आणि सासूबाई मान वर करायच्या. "पाहा व, माह्या धाकटीनं केलं. मोठीच्या रुखवतात काय होतं? दोन पाट अन् टोपलंभर पापड!" मोठी म्हणजे शेवंताबाई तिथंच चुलीपुढं बसलेली असायची. तिची भाकरी थापायची लय एकदाही चुकली नाही. मी मात्र खुशीत असायचे. कोणी कोणाच्या नावावर मोठं होत होतं, याची मला गंधवार्ता नव्हती.

मग एक दिवस सासूबाईंनी चार बायकांत जाहीर केलं की पुढच्या वर्षी पुष्पाच्या लग्नात रुखवतात असंच तोरण राहील आणि ते सुमनच करेल. पुष्पा माझी नणंद. सुमन म्हणजे मी. दुपारी सगळे निजले की मी धान्याच्या खोलीत शिरायची, जुन्या पोलक्याचं कापड घेऊन पोपट करायला बसायची. सुई बोटात जायची, कापूस नाकात जायचा. चार-पाच दिवसांनी एक काहीतरी तयार झालं. ते हातात धरून मी बसले होते तेवढ्यात दार लोटून जाऊबाई आल्या. त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं, उजेडात धरलं.

"हे काय व? मुंगूस?"

"पोपट आहे," मी म्हटलं.

"असंन. मुंगसानं खाल्लेला असंन."

मी रडायच्या बेतात आले. त्या माझ्याजवळ पोत्यावर बसल्या आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "मान मोडता येते तुले, बसवता नाही येत."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि कानशिलं तापली. "तुम्हाला कसं माहीत?"

"माह्या हातचे नऊ पोपट, मले नाही माहीत? आठ तं मांडवात पाय ठेवताच ओयखले. नववा काही केल्या ओयखू येईना... मंग समजलं, कोणीतरी याले सुधरवलं."

शेवंताबाई आणि लीलावहिनी दोघी मुकुटबनच्या, एका आळीतल्या मैत्रिणी. जाऊबाईंनी आपल्या लग्नासाठी ते तोरण वर्षभर खपून केलं होतं. पण लीलाचं लग्न त्यांच्या आधी ठरलं, आणि त्याच सुमारास तिची आई अंथरुणाला खिळली. मांडवात मांडायला लीलाकडं काहीच नव्हतं. शेवंतानं आपलं तोरण उचललं आणि तिच्या रुखवतात नेऊन टांगलं. दुसरं करायला वेळ उरला नाही, म्हणून स्वतः दोन पाट आणि टोपलंभर पापड घेऊन बोरीला आली. त्या दोन पाटांचं टोचणं चार वर्षं चाललं होतं, आणि आता तर तिच्याच तोरणाकडं बोट दाखवून चाललं होतं!

"मग सांगितलं का नाही तुम्ही?" मी विचारलं. "एक शब्द बोलला असता तर..."

"कोनाले सांगू? लीलाचं नाक कापल्या गेलं असतं, तुह्या मायचं बी. एका तोरणात दोन लग्न निंघाले, अजून काय पाह्यजे?" मग माझं मुंगूस माझ्या हातात परत देत म्हणाल्या, "तूबी कोनापाशी बोलजो नको. समजलं? आता हे उसव. पुष्पाच्या लग्नाले तोरण झालं पाह्यजे."

त्यानंतर आमच्या दुपारी त्या धान्याच्या खोलीतच गेल्या. जाऊबाई कापड कागदाच्या नमुन्यावर बेतायच्या, दोन पदर उलट्या बाजूनं शिवायच्या, पोटाशी बोटभर जागा उघडी ठेवायच्या आणि तिथून पोपट सुलटा करायच्या. चोचीचं टोक काढायला तुराटीची काडी. डोळ्यांसाठी स्वतःच्या तुटलेल्या पोतीचे काळे मणी. कापूस आमच्याच वावरातला, सरकी काढून बोटांनी पिंजलेला. तो त्या चिमूटचिमूट भरायच्या, आणि आधी मानेत. मी आपली पोटापासून भरत सुटायची, मग माझ्या पोपटांची ढेरी सुटायची आणि डोकं छातीवर पडायचं. "हा तं तुह्या नवऱ्यावानी दिसून राह्यला," त्या म्हणायच्या, आणि आम्ही दोघी तोंडात पदर कोंबून हसायचो, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून. नवव्याची मान वळवायला एका बाजूचं कापड दोऱ्यानं चुणून घ्यावं लागतं, फार ओढलं तर मान पिरगळते, कमी ओढलं तर वळत नाही. मी एकदा विचारलं, हा एकच मागं का पाहतो? त्या दोरा दातानं तोडत म्हणाल्या, "सारेच समोर उडून गेले तं घराकडं कोन पाहीन?"

आणि अशा अर्थाचा पोपट मी 'सुधरवला' होता. मला मॅट्रिक कोणी पास केलं कोण जाणे.

पुष्पाचं लग्न आलं. तोरणातले आठ पोपट जाऊबाईंचे होते. नववा हट्टानं माझ्या हातून करवून घेतलेला, जरा मान अवघडल्यासारखा, पण मागं पाहणारा. मांडव आमच्याच अंगणात, जुनं तोरण दारावर आणि नवं रुखवतात. व्याह्यांकडच्या बायका आल्या, मुलाच्या आईनं तोरण हातात घेऊन विचारलं, कोणाची कारागिरी? सासूबाईंनी मला पुढं ओढलं. "धाकटीची! ते दारावरलंही तिचंच."

"अन् थोरलीनं काय केलं?"

"थोरली पुऱ्या तयून राह्यली," सासूबाई हसत म्हणाल्या. "तिले सुई धरता येत नाही."

नेमक्या त्याच वेळी जाऊबाई पुऱ्यांचं टोपलं घेऊन दारात आल्या होत्या. त्यांनी ऐकलं. मी त्यांच्याकडं पाहिलं, त्यांनी माझ्याकडं पाहून बारीकशी मान हलवली. बोलू नको. हाताला पीठ लागलेलं, कपाळावर घाम, आणि ती मान हलवणं... तेवढ्यात बायका मला म्हणू लागल्या, "करणारीनं नाव घेतल्याशिवाय रुखवत कसं पाहावं? घे, उखाणा घे!" मी उभी राहिले. खरं बोलले तर नव्या व्याह्यांपुढं मी खोटी ठरणार, माझी आई खोटी ठरणार, आणि सासूबाई मला कच्चं खाणार. न बोलले तर ती बाई जन्मभर सुई धरता न येणारी. घोकून आणलेला उखाणा मी गिळला आणि तोंडाला येईल ते म्हटलं:

"दारावरच्या तोरणाला पोपट नऊ,
एकाची मान मोडणारी मी, सगळे घडवणारी माझी जाऊ,
माधवरावांचं नाव घेते, खरं सांगायला कायले भिऊ!"

आमचे हे, म्हणजे माधवराव, पानसुपारीचं ताट घेऊन उभे होते, त्यांनी ते ताट हळूच तोंडापुढं धरलं. मग मी सांगत सुटले. तोरण उसनं होतं, माझ्या नावाची चिठ्ठी खोटी होती, पांढरा दोरा, शेवग्याचा पाला, सगळं. लीलावहिनींची गरज तेवढी सांगितली नाही, ती सांगायची माझी गोष्ट नव्हती. व्याहीणबाई आधी गोंधळल्या, मग दारावरच्या नवव्या पोपटाकडं त्यांची नजर गेली आणि त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना. त्यांच्यामागून सगळा मांडव हसला.

सासूबाई हसल्या नाहीत. त्या उठल्या, दारापर्यंत चालत गेल्या, थोरल्या सुनेच्या हातातलं टोपलं काढून बाजूला ठेवलं आणि तिचा पिठाचा हात धरून तिला रुखवतापाशी आणलं.

"मोठे, इतले वर्स बोलली नाही तू. तोंडात का कापूस कोंबला होता?"

"आत्याबाई," जाऊबाई म्हणाल्या, "कापूस पोपटाइलेच पुरला नाही, तोंडात कुठून कोंबू?"

सासूबाईंनी सगळ्यांपुढं त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं आणि चिठ्ठीवरचं माझं नाव खोडायला लावून तिथं 'सौ. शेवंता' लिहवून घेतलं. त्या दिवशी पुऱ्या थोड्या करपल्या, पण कोणी नाव ठेवलं नाही. माझ्या आयुष्यात मी बऱ्याच पंगती पाहिल्या, करपलेल्या पुऱ्यांची एवढी चवदार पंगत दुसरी नाही.

पुढं मी माहेरी गेले तेव्हा लीलावहिनींना भीतभीत विचारलं, तुमचं तोरण परत आणू का? त्या हसता हसता डोळे पुसायला लागल्या. "शेवंताचं होतं, शेवंताच्या दारी पोचलं. आता कायले आणतं?" तेव्हापासून ते बोरीच्या दारावरच आहे. आणि पुष्पाच्या लग्नानंतर गावातल्या ज्या पोरीचं लग्न ठरेल ती दुपारची जाऊबाईंकडं येऊ लागली. त्या करून द्यायच्या नाहीत, करायला लावायच्या. आठ पोपटांना मदत करायच्या, नवव्याला हात लावायच्या नाहीत. "नववा नवरीनं सोता करावा. कसाही होवो." असा त्यांचा कायदा. आज बोरीत कितीतरी दारांवर अशी तोरणं आहेत, आठ देखणे आणि नववा कोणाचा तिरळा, कोणाचा लंगडा, कोणाचा कोंबडीसारखा, पण प्रत्येक जण घराकडं पाहणारा. हल्ली रुखवत भाड्यानं मिळतं, थर्माकोलचे राजवाडे आणि प्लास्टिकचे हत्ती येतात, तरी कोपऱ्यात ते तोरण असतंच. माझी नात पुण्याला संगणकावर काम करते. तिनं आपला नववा पोपट जाऊबाईंच्या नजरेखाली केला, व्हिडिओ कॉलवर. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले डोळे बारीक करून त्या मोबाइलमध्ये पाहायच्या आणि ओरडायच्या, "आधी मानेत भर व, पोट्टे! आजीवर जाऊ नको!"

दहाव्याला बोरीला घरात माणूस मावत नव्हता. माहेरवाशिणी कुठून कुठून आल्या होत्या. सगळ्या गप्प, डोळ्यांना पदर. तेवढ्यात एका बाईसोबत आलेल्या लहान मुलीनं दारावर बोट दाखवून खणखणीत आवाजात विचारलं, "हा एकच पोपट असा काहून आहे?" कारण बाकी गावाच्या उलट, या दारावरचा नववा तेवढा मागं पाहत नाही. सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. एरवी ही गोष्ट सांगायचा मान जाऊबाईंचा, दर वेळी त्यात नवी मीठ-मिरची. गेल्या काही वर्षांत तर मी त्या पोपटाला दुधाचा गंज, म्हणजे पातेलं, पुसायच्या फडक्यानं बांधून ठेवलं होतं, इथवर मजल गेली होती. त्या दिवशी मी सांगितली. पातं, पांढरा दोरा, शेवगा, मुंगूस, उखाणा. फडकंही ठेवलं, त्यांची आठवण म्हणून. आणि त्या सुतकाच्या घरात बायका अशा हसल्या की अंगणातली माणसं वाकून आत पाहू लागली. हसता हसता काहीजणी रडल्या, पण ते वेगळं रडणं होतं.

त्यांची माझी शेवटची भेट झाली ती त्या जायच्या पंधरवडाभर आधी. त्यांची खाट दारापाशीच टाकलेली, वाऱ्यावर तोरण हलत होतं. रंग उडालेत, चोची गुलाबी झाल्यात, नवव्याच्या गळ्याचा पांढरा दोरा मात्र इमानानं टिकून आहे. मी खुर्ची ओढून त्यावर उभी राहायला लागले. त्यांनी विचारलं, "कुठं चढून राह्यली, माकडे?" मी म्हटलं, "जाऊबाई, आता मला येतं. दहा मिनिटांचं काम आहे. त्या नवव्याची मान एकदाची नीट वळवून देते, म्हणजे तुमचं तोरण जसं होतं तसं होईल."

त्यांनी माझा पदर धरून मला खाली ओढलं, वर पाहिलं आणि म्हणाल्या, "राहू दे व, सुमे. आठ म्या केले, पन आल्यागेल्यानं आजवर इचारलं ते तुह्या त्या एकाचंच."